'ययाति'चं मुख्य पात्र नक्की कोण?

खांडेकरांची 'ययाति' वाचून झालीये आणि आता मुख्य पात्र कोणाला म्हणायचं यावर अडलात, तर नुसत्या नावावर जाऊ नका, कारण १९५९ च्या या कादंबरीत राजा ययाति, त्याची राणी देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू 'मी' म्हणून सांगतात, आणि शुक्राचार्यांकडे शिकायला आलेला कच स्वतः निवेदन करत नसला तरी सगळ्यांच्या मनात ठाण मांडून बसलेला असतो.

कचाचं नाव मी पहिलं काढेन. लेखकाचा जीव त्याच्यावर आहे हे पानोपानी कळतं, पण तो बदलत फारसा नाही, बाकीचे किती घसरले ते त्याच्याकडे बघून कळतं एवढंच.

शर्मिष्ठा मला सगळ्यात जवळची. राजकन्या असून आपल्या माणसांसाठी दासीपण पत्करते, पुढे ययातीपासून झालेल्या तान्ह्या पुरूला घेऊन रात्रीची हस्तिनापूर सोडते. पण मधला बराच काळ गोष्ट तिला सोडून राजवाड्यातच राहते ना.

खरी चुरस देवयानी आणि ययातीत आहे. देवयानीला आपण खलनायिका ठरवून मोकळे होतो, ते मला अजिबात पटत नाही, जिच्यावर कचानं प्रेम केलं आणि तरी नाकारलं, जी वडिलांच्या, शुक्राचार्यांच्या लाडात आणि दराऱ्यात वाढली, तिला कुणी नुसतं माणूस म्हणून समजून घेतलंच नाही. आणि कथानक बघा, तिच्या हट्टापायी शर्मिष्ठा दासी होते, तिच्याचमुळे ययातीला शुक्राचार्यांचा अकाली म्हातारपणाचा शाप येतो. ती नसेल तर गोष्टच उभी राहत नाही. तिचे भाग सलग काढून एकदा वाचाच, मत हलतं.

तरी माझं मत ययातीला. वडील नहुषाला मिळालेला शाप, घर सोडून गेलेला थोरला भाऊ यति, बालमैत्रीण अलकाचा मृत्यू, हे सगळं घेऊन तो सुखामागे धावतो आणि शेवटी पोटच्या पोराचं तारुण्य घेण्यापर्यंत जातो. महाभारतातला ययाति ते हजार वर्षं भोगतो, खांडेकर त्याला इतकी सवड देत नाहीत, लवकरच त्याची त्यालाच लाज वाटायला लावतात. कितीही मिळालं तरी मन का भरत नाही हा कादंबरीचा प्रश्न त्याच्याच अंगावर पडलाय. तो आवडत नाही म्हणून त्याला बाजूला करू नका, आवडतं पात्र आणि मुख्य पात्र एकच असायला हवं असं कुठंय? शर्मिष्ठेवरच लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त ती नसलेल्या त्या पानांचं काय करणार ते आधी ठरवा.