जीएनयू ओडीई : सात महिन्यांच्या वापरानंतर

जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्लॉटयुटिल्स या संचातील ओडीई हा, विकलक समीकरणे आकडेमोडीने सोडवणारा छोटा प्रोग्राम मी गेले सात महिने बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी वापरत आहे. निकोलस तुफिलारो यांनी तो लिहिला, रॉबर्ट मायर यांनी त्यात थोडी भर घातली. संचाची २.६ ही आवृत्ती २००९ सालची आहे आणि डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर एका आज्ञेत ती बसते. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर एवढीच गोष्ट मला पुरेशी होती.

समीकरणे कागदावर लिहितो तशीच, विकलनासाठी अक्षरापुढे अपॉस्ट्रॉफीची (') खूण देऊन, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायची; आरंभीची मूल्ये द्यायची; काय छापायचे आणि कुठपासून कुठपर्यंत जायचे ते सांगायचे. उत्तर आकड्यांच्या रकान्यांत येते आणि ते पाइपने (एका प्रोग्रामचे उत्तर थेट दुसऱ्याला देण्याच्या सोयीने) त्याच संचातील ग्राफ या प्रोग्रामकडे धाडले की आलेख मिळतो. समीकरणे मात्र पहिल्या कोटीचीच लागतात, म्हणजे लंबकाचे दुसऱ्या कोटीचे समीकरण आपणच दोन समीकरणांत फोडायचे. मला हा त्रास वाटत नाही, कारण विद्यार्थ्यांनी ते एकदा हाताने करायलाच हवे.

शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरला तो ऑयलर या सर्वांत साध्या पद्धतीचा पर्याय, जो गंभीर कामासाठी वापरू नये असे माहितीपुस्तिकाच बजावते. आवर्त गतीचे साधे समीकरण ०.१ च्या पावलाने (वेळेच्या एकेका टप्प्याने) या पद्धतीने सोडवले, तर एका आवर्तनातच आयाम १ वरून सुमारे १.३७ होतो, ऊर्जा कुठून आली, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. मग तीच फाइल काही न सांगता ओडीई जी वापरते त्या, अधिक अचूक रुंगे–कुट्टा–फेलबर्ग पद्धतीने चालवली की वर्तुळ वर्तुळच राहते. फळ्यावर दोन तास घालवूनही हे इतके पटत नसे.

या अचूकतेवर विसंबून मी एकदा फसलो, हेही सांगायला हवे. ओडीई पावलागणिक होणाऱ्या त्रुटीवर मर्यादा ठेवते, साठत जाणाऱ्या त्रुटीवर नाही. लॉरेन्झ यांच्या १९६३ च्या समीकरणांत १०, २८ आणि ८/३ हे नेहमीचे आकडे घालून मी त्रुटीच्या दोन वेगवेगळ्या मर्यादांनी उत्तरे काढली, तेव्हा वेळेच्या पंचविशीच्या आसपास दोन्ही वाटा पूर्णपणे वेगळ्या झाल्या. यात दोष प्रोग्रामचा नाही, समीकरणांचा स्वभावच तो आहे : अगदी बारीक फरकही त्यांत झपाट्याने वाढत जातो. पण पडद्यावर सहा अर्थपूर्ण अंक दिसले की ते सगळेच खरे आहेत असे वाटू लागते.

गैरसोयही आहे. पावलाची लांबी प्रोग्राम स्वतः ठरवत असल्याने छापलेल्या वेळा समान अंतरावर येत नाहीत आणि वारंवारतेचे विश्लेषण करायचे असेल तर ते अडते. पाऊल ठरावीक दिले की अंतर समान होते, पण मग त्रुटीची तपासणी वेगळी मागितली नाही तर साधी चौथ्या कोटीची रुंगे–कुट्टा पद्धत चालते. म्हणजे पाऊल निम्मे करून उत्तर पुन्हा ताडून पाहण्याचे काम आपल्यावर येते.

खरी मर्यादा स्टिफ समीकरणांत, म्हणजे ज्यांत काही गोष्टी फार झपाट्याने आणि काही फार संथ बदलतात अशा समीकरणांत, कळते. रॉबर्टसन यांच्या रासायनिक अभिक्रियेत वेगस्थिरांक ०.०४ पासून ३ कोटींपर्यंत पसरलेले आहेत. तिथे उत्तर संथपणे बदलत असतानाही पाऊल एककाच्या हजाराव्या भागाच्या आसपास अडकते आणि दीर्घ काळाचे गणित संपतच नाही. अशा वेळी मी जीएनयू ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या प्रोग्रामकडे वळतो, तोही टर्मिनलवरच. त्यातील एलएसओडीई हे समीकरणे सोडवणारे साधन अॅलन हिंडमार्श यांचे काम असून ते मुळातच स्टिफ समीकरणांसाठीची पद्धत धरून चालते. तिथे सांभाळायचे एकच : एलएसओडीईला दिलेल्या फलात आधी अवस्था (चलांची त्या क्षणीची मूल्ये) आणि मग वेळ येते, तर ऑक्टेव्हच्याच ओडीई४५ या दुसऱ्या साधनात आधी वेळ आणि मग अवस्था. हा क्रम चुकवून मी एक अख्खी दुपार घालवली आहे.