पेपर कुठे द्यायचा: परदेशी जर्नलला की मराठी त्रैमासिकाला?

वर्षातून दोन-तीनदा तरी फोन येतो. "सर, पेपर तयार आहे, कुठे टाकू?" विचारणारा इतिहासाचा नाहीतर मराठीचा संशोधक असतो, बहुधा तासिका तत्त्वावर शिकवत असतो. त्याच्या मनात दोन नावं असतात: मोठ्या परदेशी प्रकाशकाचं एखादं इंग्रजी जर्नल आणि आपल्याकडचं एखादं जुनं त्रैमासिक. मी दोन्हीकडे छापून घेतलंय, तेही जुन्या कागदांच्या एकाच दप्तरावरून. त्यामुळे मला मत आहे. पण ते एकाच माणसाच्या अनुभवातून आलंय, एवढं धरून चाला.

तिसऱ्या पर्यायाचा निकाल आधीच लावतो. नावात 'इंटरनॅशनल' आणि 'मल्टिडिसिप्लिनरी', व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात, पैसे भरा, आठवड्यात पेपर आणि वर सर्टिफिकेट. ही दुकानं कशी फोफावली ते आपण पाहिलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २००९ च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक पेपर छापून येणं सक्तीचं केलं, आणि बढतीचे पॉइंटही पेपर मोजून मिळू लागले. मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढली, पुढच्या वर्षी पुणे विद्यापीठातून 'केअर' ही नवी मान्य यादी निघू लागली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएचडीसाठीची सक्ती तर २०२२ च्या नियमांतून गेलीच आहे. म्हणजे पीएचडीसाठी पैसे भरण्याचं निमित्तही आता उरलेलं नाही. तरी भरायचेच असतील तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

आता इंग्रजी जर्नल. माझा विषय होता अठराव्या शतकातल्या एका गावाचा गावखर्च, म्हणजे गावाच्या सामाईक खर्चाचा हिशेब. कागद गावाचा हिशेब लिहिणाऱ्या एका कुलकर्णी घराण्याकडे रुमालात बांधून ठेवलेले होते. घरातल्या थोरल्या काकांनी दोन दिवस ओसरीवर बसवून फोटो काढू दिले, वर जेवू घातलं. त्यावरचा निबंध मी बाहेर पाठवला. दोन परीक्षकांनी मिळून नऊ पानांचे शेरे दिले, आणि खोटं कशाला बोलू, त्यातल्या निम्म्या शेऱ्यांनी माझा निबंध सुधारला. गावखर्च कोण मंजूर करतो, तो रयतेवर कसा बसतो, हे मी गृहीत धरून पुढे गेलो होतो. ते सगळं मला उलगडून लिहायला लावलं. अशी मेहनत आपल्याकडे कोणी कोणाच्या लेखावर घेत नाही. छापून यायला सोळा महिने लागले, पण आल्यावर दोन अनोळखी अभ्यासकांचे ईमेल आले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत पॅनेलनं मराठी लेखांची फाइल उघडलीही नाही, या निबंधाचं नाव मात्र मोठ्यानं वाचलं. नोकरी लागायची असेल तर हे विसरून चालत नाही.

पैसे मला पडले नाहीत, कारण निबंध कुलपात ठेवायला मी होकार दिला. तो सगळ्यांना खुला करायचा तर डॉलरमध्ये चार आकडी फी होती. ती रुपयांत मांडून पाहायच्या भानगडीत मी पडलो नाही.

माझं घोडं अडलं ते एका बारीक गोष्टीवर. शब्दमर्यादेत बसावं म्हणून मूळ मोडी मजकुराचं देवनागरी लिप्यंतर गाळायला सांगितलं. परिभाषेतले चार शब्द रोमनमध्ये तिरक्या ठशात ठेवा, बाकी भाषांतर पुरे, हिशेबाचा तक्ता इंग्रजी आकड्यांत द्या. मूळ कागदाच्या फोटोला जागा नव्हती. मी थोडी खळखळ केली आणि सोडून दिलं. इंग्रजी वाचणाऱ्याला बाराव्या ओळीतल्या 'बा।।' सारख्या जुन्या संक्षेपाशी काय करायचंय, असं मलाही वाटलं.

निबंधाचा कणा मात्र त्या तक्त्यातच होता. कुलकर्ण्यानं खाली घातलेली बेरीज आणि वरच्या नोंदींची बेरीज जुळत नव्हती. खालची तीन रुपयांनी जास्त होती. कुलकर्णी गावखर्च फुगवतात हे आपण इतक्यांदा वाचलेलं असतं, की मला पुरावा हाती लागल्यासारखं झालं. दुसऱ्या परीक्षकाला सगळ्या निबंधात हाच भाग जास्त आवडला.

वर्षभरानं काकांचा फोन आला. "सर, आमच्या कागदांवर लिहिलंत म्हणे. वाचायला पाठवा की." मी लिंक पाठवली. थोड्या वेळानं पुन्हा फोन: "हे पैसे मागतंय. डॉलर." मग मी पीडीएफ पाठवली. त्यांनी ती नातवाकडून मराठीत सांगून घेतली आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे आमचा माणूस लबाड होता तर." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. जेवू घालणाऱ्या घराबद्दल मी काहीतरी लिहिलं होतं, आणि ते तपासायला लागणारा कागद छापला नव्हता. तो कागद त्यांच्याच घरातला.

तेव्हा मी मराठीत लिहायचं ठरवलं. इथे एक सावधगिरी. परदेशी जर्नलला निबंध देताना मी कॉपीराइट सही करून दिला होता. तोच निबंध न विचारता भाषांतर करून दुसरीकडे देणं नियमातही बसत नाही आणि नीतीतही. प्रकाशकाला परवानगी मागितली, उत्तर यायला दोन महिने लागले. म्हणून मी वेगळाच लेख लिहिला: अख्खा ताळेबंद देवनागरीत, शेजारी फोटो, शेवटी टिपा, आणि सुरुवातीलाच या कागदांवर इंग्रजीत आधी काय छापलंय त्याचा उल्लेख. संपादकांना विचारलं, पानं किती मिळतील? ते म्हणाले, "कागद पुरा छापू, तुमचं म्हणणं थोडं कमी करा."

ही आपल्याकडची जुनी रीतच आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. तेव्हापासून मूळ कागद छापायचा आणि वाचणाऱ्याला भांडायला मोकळं ठेवायचं. (प्रस्तावनेत राजवाडे स्वतः भांडायला कमी करत नसत, ती गोष्ट वेगळी.)

अंक निघाल्यावर तीन आठवड्यांनी कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. फोटो भिंगाखाली पाहिला, त्यांनी लिहिलं होतं. आपण १२ वाचलंत ते १२।। आहे. आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा ओळ संपल्याच्या नव्हेत, अर्ध्याच्या आहेत. शाई फिकी आहे म्हणून फसलात. अशा सहा जागा. सहा अर्धे म्हणजे तीन रुपये, आपला ताळा जमला.

दोन रेघा म्हणजे अर्धा, हे मोडीच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवतात. मलाही ठाऊक होतं. पण बेरीज चुकलेली मला हवी होती, म्हणून मी त्या रेघा पाहिल्या नाहीत. दोन परदेशी परीक्षकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्यापुढे मी रेघा ठेवल्याच नव्हत्या. तक्त्यात स्वच्छ बारा लिहिले होते, त्यावर ते तरी काय बोलणार?

त्रैमासिकानं पुढच्याच अंकात ते पोस्टकार्ड आणि माझी कबुली शेजारी शेजारी छापली. इंग्रजी जर्नलला दुरुस्ती कळवली; फॉर्म, स्मरणपत्र, पुन्हा फॉर्म असं करत ती लागायला वर्ष गेलं. अजूनही कोणीतरी मूळ निबंधातले तीन रुपये पुरावा म्हणून उद्धृत करतं, आणि मला त्याला वेगळा ईमेल लिहावा लागतो.

बाकीच्या गोष्टींत त्रैमासिक मागे पडतं, हे कबूल करायला हवं. माझा अंक पाच महिने उशिरा निघाला. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) नाही, गुगलवर शोधून सापडत नाही. मजकूर जुन्या फाँटमध्ये लावतात, युनिकोडमधून तिकडे नेताना जोडाक्षरं फुटतात. दुरुस्तीच्या पानावर तर त्या दोन रेघांच्या जागी चौकोन छापून आला. संपादकांनी माझ्या प्रतीवर पेननं रेघा ओढून पाठवल्या. परीक्षण म्हणाल तर संपादक आणि त्यांचे एक स्नेही वाचतात, तेवढंच. लेख परत आला तर कारण कळेलच असं नाही. आणि सगळी त्रैमासिकं सारखी नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक किंवा मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' असं काही डोळ्यांपुढे ठेवून मी बोलतोय, परिसंवादानंतर घाईनं काढलेल्या विशेषांकांबद्दल नाही.

इंग्रजी जर्नलंही एका माळेची नाहीत. भाषाशास्त्राच्या 'लिंग्वा' या जर्नलच्या संपादकांनी २०१५ मध्ये राजीनामे देऊन 'ग्लोसा' काढलं आणि ते वाचणाऱ्याला फुकट ठेवलं, हे भाषाशास्त्रवाल्यांना माहीत असेल. उलट २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकाच्या मालक कंपनीनं आपला मजकूर एआयसाठी मायक्रोसॉफ्टला वापरायला दिला, तेव्हा आम्हाला कोणी विचारलं, अशी लेखकांची तक्रार झाली. सही करण्याआधी करार वाचा, एवढाच त्याचा अर्थ.

कुलपाचा प्रश्न सुटलाय असं अलीकडे सांगतात, आणि थोडा सुटलाय. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतून जानेवारी २०२५ पासून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्थांना मिळतात. त्यासाठी तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये केंद्रानं मंजूर केलेत. तुम्ही अशा संस्थेत असाल तर माझी ही तक्रार तुम्हाला जुनी वाटेल. काका मात्र कुठल्याच संस्थेत नाहीत. ते ओसरीवर असतात.

येत्या दोन वर्षांत मुलाखती द्यायच्या असतील तर पहिला निबंध इंग्रजीत द्या, मी आडवा येणार नाही. फक्त मूळ कागदाचं पूर्ण लिप्यंतर आणि फोटो, घरच्यांची परवानगी घेऊन, झेनोडोसारख्या फुकट ऑनलाइन साठ्यावर आधी ठेवा आणि निबंधात त्याचा हवाला द्या. तिथे डीओआयही मिळतो. मला तेव्हा हे सुचलं नाही. भिंग घेऊन बसणारे मास्तर झेनोडोवर जातील का, याची मला शंका आहे. त्यांच्या घरी पोस्टानं येतं ते त्रैमासिक.

मी स्वतः त्या दप्तरातला दुसरा ताळेबंद मराठीतच दिलाय. या वेळी फोटो मोठे छापायला सांगितलेत आणि एक प्रत काकांना थेट छापखान्यातून जाईल असं ठरवलंय. तुम्हालाही तिकडे पाठवायचं असेल तर पत्ता देतो. ईमेल करू नका, तो कोणी उघडत नाही.