२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये १२ व्होल्टचा डीसी चार्जर: एक पावसाळा काढल्यानंतर

चार्जर चांगला आहे, त्याचे स्क्रू भिकार आहेत. किनारपट्टीवरच्या गाडीवाल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी एवढं ध्यानात ठेवावं.

आंब्याच्या दिवसांत माझी गाडी वाशीला जाते आणि एरवी कोलाडहून रो-रोने, म्हणजे ट्रक रेल्वेच्या वॅगनवर चढवून, सुरतकलला. वॅगनवर चढलं की इंजिन बंद, आणि रात्र केबिनमध्येच. पंखा, दिवा, मोबाइल, छोटा फ्रिज असं सगळं मुख्य बॅटऱ्यांवर चालवलं तर उतरताना सेल्फ लागत नाही. मग मागच्या सगळ्या गाड्या अडकतात, कारण त्यांना आपल्यामागूनच खाली यायचं असतं. टपावर सोलर लावायचा विचार मी सोडला. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असताना पॅनल पुसायला तिथे कोणी चढू नये.

म्हणून सीटमागे १०० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि २० अँपिअरचा २४ वरून १२ चा चार्जर बसवला. बॅटरीत साधारण १,२८० वॉट-तास मावतात. ३० वॉटचा पंखा दहा तास फिरला तरी ३००च जातात.

ट्रकचे २४ व्होल्ट १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून होतात. बरेच वायरमन त्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून देतात. ते करू देऊ नका. इंजिनवर फिरून बॅटऱ्या भरणाऱ्या अल्टरनेटरला फक्त दोघींचे मिळून २८ व्होल्ट दिसतात. जिच्यावर लोड, ती अर्धवट भरते. दुसरी जादा चार्ज होऊन पाणी आटवते. शेवटी दोन्ही बदलायच्या.

उन्हाळाभर मी या चार्जरची तारीफ करत होतो. पाच तास गाडी चालली की रिकामी बॅटरी जवळपास भरायची. चावी बंद केली की चार्जर आपोआप थांबायचा, मुख्य बॅटऱ्यांना हात लावायचा नाही.

पाऊस सुरू झाला आणि चित्र पालटलं. गाडी रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यालगत उभी असते, खारी हवा केबिनमध्येही शिरते. तेवढ्याच प्रवासात बॅटरी अर्धीच भरू लागली. चार्जर गेला असं धरून मी दुकानदाराला बरंच सुनावलं, कारण साडेअकरा हजार मोजले होते. पण मीटर लावला तेव्हा चार्जरच्या आत १४.४ व्होल्ट नीट होते. बाहेर, आउटपुटच्या एका स्क्रूवरच ०.४ व्होल्ट पडत होते. २० अँपिअरला म्हणजे एका स्क्रूत ८ वॉटची उष्णता. शेजारचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं होतं आणि गरम झालेला चार्जर स्वतःच करंट कमी करत होता. स्क्रू साधे लोखंडी, वरून पातळ मुलामा. तो उडाला आणि खाली गंज.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: वॉरंटी सर्किटला, गंजाला नाही. अहो, वाहनासाठी म्हणून विकता, त्या वाहनाने समुद्राकाठी जायचंच नाही का? चार स्टीलच्या स्क्रूंना चाळीस रुपयेसुद्धा लागत नाहीत. एवढी काटकसर मी धंद्यात करत नाही. फोनवर फोन केले, फोटो पाठवले. सरतेशेवटी नवी टर्मिनल पट्टी मिळाली, तीही पैसे घेऊन, आणि स्क्रू परत तेच लोखंडी.

ते काढून स्टेनलेसचे घातले. कलई केलेली थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) चिमट्याने पक्की दाबून वर गोंदवाली, तापवली की आवळणारी स्लीव्ह चढवली. थिंबल थेट पट्टीला टेकली पाहिजे. वॉशर वरून, मध्ये नाही, नाहीतर करंट स्टीलमधून वाट काढतो. जोड घट्ट झाल्यावर व्हॅसलीनचा हात. निगेटिव्हही चेसिसवर न सोडता तांब्याच्या वायरने सरळ आणला, कारण चेसिसचा बोल्टही त्याच हवेत असतो.

वायर ६ चौरस मिमीची होती, ती १० ची केली. चार मीटर जाऊन-येऊन आठ मीटर होतात. २० अँपिअरला ६ च्या वायरमध्ये जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, १० मध्ये ०.३ च्या आत. आता चार्जिंग पुन्हा पूर्वीसारखं आहे आणि स्क्रूवर मीटर जेमतेम हलतो.

फ्यूज दोन लागतात, मुख्य बॅटरीपाशी एक आणि लिथियमपाशी एक, दोन्ही बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात. माझ्या वायरमनने दोन्ही चार्जरशेजारी लावले होते. तसं लावलं तर बॅटरीपासून चार्जरपर्यंतची वायर घासून शॉर्ट झाली की फ्यूज उडतच नाही, वायर पेटते. तेही त्याच दिवशी बदलून घेतलं.