डांबर लागेपर्यंतची हवा: सॉकेटचा पंप, बॅटरीवरचा कॉम्प्रेसर की बॉनेटखाली बसवलेला?

मराठवाड्यात टंचाई पाण्याची असते, हवेची नाही. धुळे-सोलापूर हायवेला लागलात की जुना टायर उभा करून ठेवलेली पंक्चरची टपरी थोड्याथोड्या अंतरावर दिसतेच. लाईट गेलेली असली तरी टाकीत उरलेल्या हवेवर टपरीवाला तुमचं एखाद-दुसरं चाक भरून देतो. त्यामुळे थार, जिम्नी किंवा गुरखा दारात आली म्हणून लगेच कॉम्प्रेसर मागवायची घाई करू नका. आधी एवढंच बघा: वाळूत-दगडांत पकड मिळावी म्हणून तुम्ही ज्या वाटेवर टायरची हवा कमी करता, तिथून डांबर आणि टपरी किती लांब आहे?

अंतर पाच-सात किलोमीटर असेल, तर 18-20 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे टायरमधल्या दाबाचं माप) तीस-चाळीसच्या वेगाने हळूहळू टपरी गाठता येते. टायरला काही होत नाही. पण त्याच हवेवर ऐंशी-नव्वदने पळालात, तर साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दर फेरीला दुमडत राहते आणि आतून तापते. मे महिन्यात बीड-परभणीच्या रस्त्यावर डांबर आधीच भाजत असतं, त्यात टायर फुटायला वेळ लागत नाही. म्हणजे खरी गरज आहे ती कच्ची वाट संपते तिथून टपरीपर्यंतच्या टप्प्यापुरती. हा टप्पा ज्याचा मोठा, त्याने पुढचं वाचावं.

आपल्याकडे हवा कमी कुठे करायची, यावरही बरंच अवलंबून आहे. गेवराईकडे गोदावरीच्या पात्रातली कोरडी वाळू असेल तर 15 ते 18 पर्यंत उतरावंच लागतं, नाहीतर गाडी पोटावर बसते. कन्नड तालुक्यात अंतूर किल्ल्याकडे जाताना लागतात तशा दगडी वाटांना 22-24 पुरे. तिथे फार खाली गेलात तर काळ्या पाषाणाच्या धारेने साईडवॉल चिरते, आणि ती चीर पंक्चर काढायच्या कुठल्याही रबरी स्ट्रिपने बुजत नाही. (गौताळ्याच्या अभयारण्यात ठरलेला रस्ता सोडून गाडी घालू नये, हे वेगळं सांगायला नको.) राहिली पावसातली काळी माती. तिच्यापुढे हवा कमी करा नाहीतर जास्त, ती टायरच्या खाचांत भरून टायर गुळगुळीत करून टाकते. तिथे कॉम्प्रेसरपेक्षा ट्रॅक्टरवाल्याचा नंबर उपयोगी.

आधी काम किती, ते मोजू

थारच्या 255/65 आर 18 टायरच्या पोटात साधारण 65 लिटर जागा असते. 18 वरून 32 पीएसआयवर जायचं म्हणजे बाहेरची जवळपास 60-65 लिटर हवा आत दाबायची. चार चाकांची मिळून अडीचशे लिटर. जिम्नीचा 195/80 आर 15 टायर लहान आहे, त्याला दोन तृतीयांश धरा.

हा अडीचशेचा आकडा डोक्यात ठेवलात की खोक्यावरची जाहिरात आपोआप गळून पडते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘150 पीएसआय’ लिहिलेलं असतं. आपल्याला 35 च्या वर जायचंच नाही, मग त्या 150 चं काय करायचं? बघायचा आकडा एलपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती लिटर. तोही शून्य दाबावरचा नको. समोर 30 पीएसआय दाब असताना किती लिटर, ते विचारा. कुठलाही पंप समोरचा दाब वाढला की मंदावतो आणि स्वस्त पंप तर निम्म्यावर येतो. हा दुसरा आकडा जी कंपनी छापते, तिच्यावर माझा थोडा जास्त विश्वास.

सॉकेटमध्ये खुपसायचा पंप आणि त्याचा चार्जिंगवाला भाऊ

दीड ते साडेतीन हजारांत मिळणारा हा पंप गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालतो. त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत 15-20 अँपिअरचा असतो, त्यामुळे पंप 120-150 वॅटच्या पुढे जाऊच शकत नाही. हातात पडणारी हवा मिनिटाला 15 लिटरच्या आसपास. अडीचशेला पंधराने भागा: सतरा मिनिटं नुसती घरघर, शिवाय मध्ये गार होऊ देण्याचा वेळ. थारची चार चाकं भरायला अर्धा तास धरून चाला.

तरीही मी म्हणेन की हा पंप प्रत्येक गाडीत असावा. कारण वेडी बाभूळ. शेताच्या बांधावरून गाडी घातली की तिचा काटा टायरमध्ये मोडून बसतो आणि हवा रात्रभर हळूहळू उतरते. सकाळी अंगणात एक चाक 14 वर दिसतं. एवढं एक चाक भरून टपरी गाठायला हा पंप पुरतो.

चार्जिंगचा, मोबाईलच्या पॉवर बँकेएवढा पंप दिसायला देखणा आणि मोटारसायकलला उत्तम. पण थारच्या दुसऱ्या-तिसऱ्या चाकाला तो मान टाकतो. शिवाय त्यात लिथियमची बॅटरी असते. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा साठीच्या पुढे जातो, तिथे असली वस्तू डॅशबोर्डवर विसरू नये.

बॅटरीला चिमटे लावायचा कॉम्प्रेसर

माझं मत आधीच सांगतो: दहापैकी आठ जणांनी हाच घ्यावा आणि विषय संपवावा.

लोखंडी-ॲल्युमिनियमचं अंग, एक सिलिंडर, पितळी फिटिंग, पिशवीत घालून सीटमागे टाकायचा. लाल-काळे चिमटे थेट बॅटरीला लागतात, त्यामुळे सॉकेटच्या फ्यूजची अडचण नाही आणि 25-30 अँपिअर आरामात ओढता येतात. खोक्यावर 70 एलपीएम असेल तर प्रत्यक्षात 45-50 मिळतात. अडीचशे लिटरला पाच-सहा मिनिटं पंपिंग, नळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ धरून बारा-पंधरा मिनिटांत मोकळे. तेवढ्यात बाकीच्यांचा चहा होतो.

वापरताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. इंजिन चालू ठेवायचं. इंजिन बंद असताना बॅटरी 12 व्होल्टच्या आसपास असते, अल्टरनेटर फिरला की 14 च्या जवळ जाते, आणि हा फरक पंपाच्या आवाजातच कळतो. आधी चिमटे लावायचे, मग स्विच. कॉम्प्रेसर धुळीत ठेवायचा नाही. त्याच्या तोंडाशी बुचाएवढा स्पंजचा फिल्टर असतो, तो उघडून बघा. उन्हाळ्यात आपल्या बाजूची धूळ पिठासारखी बारीक असते, दोन-तीन फेऱ्यांत स्पंज काळा पडतो आणि पंप दमेकऱ्यासारखा ओढायला लागतो. साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, परत बसवायचा. पाच मिनिटांचं काम, पण कोणी करत नाही.

आणि ड्यूटी सायकल. ‘30 मिनिटं चालवा, 30 मिनिटं थांबवा’ असं पत्रकात लिहिलेलं असतं, पण हे आकडे गार हवेत काढलेले असतात. आपल्या 42 अंशांत त्यातली पाच-दहा मिनिटं वजा करा. चांगल्या पंपात थर्मल कट-ऑफ असतो, तापला की आपोआप बंद पडतो आणि गार झाला की चालू होतो. ज्यात तो नाही, तो पंप एक दिवस धूर काढतो. आणि भरून झाल्यावर नळीचं पितळी टोक उघड्या बोटांनी सोडवायला जाऊ नका, चटका बसतो.

याच जातीत दोन सिलिंडरचे मोठेही मिळतात. साडेतीन टनी गाडी किंवा 33 इंची टायर असेल तरच त्यांचा विचार. वजन आणि करंट दोन्ही दुप्पट.

कायमचा बसवलेला

बॉनेटखाली किंवा सीटखाली ब्रॅकेटवर पक्का केलेला, डॅशवर स्विच, बंपरजवळ नळी अडकवायचं कपलर. बाजारात याचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे एआरबी कंपनीचा ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचा: शून्य दाबावर मिनिटाला सुमारे 174 लिटर, 29 पीएसआयवरही 130 च्या वर. नळी आणि वॉल्व्हची अडवणूक धरूनही एक चाक मिनिटभराच्या आत-बाहेर भरतं. त्याच्या एकूण खर्चात बरी सेकंड हँड मोटारसायकल येते.

सोय आहेच. पिशवी उघडा, चिमटे लावा ही भानगड नाही, पावसात बॉनेट उघडावं लागत नाही. पण दर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याला वाचणारी दहा मिनिटं त्या पैशात बसतात का? ज्याच्या डिफरन्शियलला एअर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) आहे त्याला मात्र पर्याय नाही, लॉकर हवेवरच चालतो. किंवा जो पाच-सहा गाड्यांचा ताफा घेऊन जातो आणि संध्याकाळी वीस-चोवीस चाकं भरून देतो, त्याला हाच परवडतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर वायरिंगवर कंजुषी नको. हा ट्विन पूर्ण भारावर 60 अँपिअरच्या आसपास ओढतो. घरातल्या पंख्याची वायर वापरून बसवून देणारे इलेक्ट्रिशियन आहेत, आणि अशी वायर बॉनेटखाली वितळते. दोन-तीन मीटरच्या अंतराला 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, रिले, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. मूळ हार्नेस, म्हणजे गाडीबरोबर आलेला वायरींचा जुडगा, कापायचा नाही, स्वतंत्र लाइन ओढायची. नवी गाडी असेल तर वॉरंटीच्या वादात हा एक मुद्दा तुमच्या बाजूने राहतो. जागा निवडताना टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब. बॉनेटखाली तशीच इतकी उष्णता असते की बसवलेला पंप पिशवीतल्या पंपापेक्षा लवकर कट-ऑफ मारतो. सीटखालची जागा मिळाली तर ती घ्या, आवाज सहन करा.

जुन्या एमएम 540 सारख्या जीपवाल्यांत आणखी एक प्रकार चालतो: एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर बसवून त्याच्यातून हवा काढायची. हवा धो धो येते, करंट जवळजवळ लागत नाही. मात्र एसीच्या कॉम्प्रेसरला वंगण गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलातून मिळतं. नुसती हवा ओढली की तो कोरडा पडून जाम होतो. म्हणून आधी हवेत तेल सोडणारा ऑइलर आणि पुढे तेल गाळणारा सेपरेटर लागतो. यॉर्क जातीच्या जुन्या कॉम्प्रेसरला स्वतःची तेलाची टाकी असते, म्हणून जीपवाले तो शोधत फिरतात. ज्या गाडीत एसी आहे तिचा एसी काढून हे करायचं म्हणत असाल, तर मे महिन्यात घरच्यांना घेऊन लातूरला जाऊन या आणि मग ठरवा.

विहिरीच्या खोदकामावरचा ट्रॅक्टर कॉम्प्रेसर तुम्ही पाहिला असेल, दगडात होल मारायला वापरतात तो. तत्त्व तेच, इंजिनच्या ताकदीवर हवा. अडलेल्या गाडीला त्याच्यावरून हवा देणारे ट्रॅक्टरवाले भेटतातही, फक्त दाब त्याला विचारून आणि आपलं गेज लावून घ्या.

सिलिंडरमधली हवा

परदेशी व्हिडिओ बघून कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची हौस अनेकांना येते. वेग बघितला तर कोणीही मोहात पडेल: चाक काही सेकंदांत भरतं, आवाज नाही, वायर नाही. टायर रिमवरून उतरला तर तो परत बसवायला असा एकदम झोत लागतो, ते काम लहान पंपाने होतच नाही. हिशोबानेही ठीक आहे. एक किलो वायूचे पाचशे लिटरच्या वर होतात, म्हणजे साडेचार किलोच्या बाटलीत चार चाकांची आठ-नऊ भरणं.

पण आपल्या हवामानात मी तो गाडीत ठेवणार नाही. 20 अंशाला त्या बाटलीत सुमारे 57 बार दाब असतो. 31 अंशांवर हा वायू द्रवरूपात राहतच नाही आणि तिथून पुढे तापमानाबरोबर दाब झपाट्याने चढतो. सुरक्षा चकती फुटून वायू बंद गाडीत सुटला तर आत बसलेल्याचा श्वास कोंडतो. भरून घेण्यासाठी बाटली पेसोच्या (दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मान्यतेची असावी लागते आणि वेल्डिंगचा गॅसवाला गाठावा लागतो. वाळूज-चिकलठाण्याला तो मिळेल, पाटोद्याला काय करणार? काही जण आग विझवायचं सिलिंडर वापरायचा जुगाड सांगतात. तो तर मुळीच नको. त्यात तळापर्यंत गेलेली नळी असते, त्यामुळे वायूऐवजी द्रव बाहेर येतो.

साध्या हवेची टाकी भरून नेण्याची कल्पनाही तशीच लंगडी. 20 लिटरची टाकी 120 पीएसआयला भरली तरी 32 च्या वरची वापरता येणारी हवा 120 लिटर, म्हणजे दोन चाकं.

टायर रिमवरून उतरण्याची भीती असेल तर सामान लादायचा रॅचेट पट्टा ठेवा. टायरच्या मधोमध गुंडाळून आवळला की कडा रिमकडे सरकतात. वॉल्व्हची पिन काढून चिमटेवाल्या कॉम्प्रेसरने हवा सोडा, बहुतेक वेळा ‘टक’ करून बसतो. मग पिन परत.

घेताना दुकानात दोन गोष्टी करून बघा. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का, ते आपल्याच गाडीवर. आणि चाकाला लावायचं टोक आटे फिरवून बसणारं असेल तर भरताना नाही, पण काढताना दोन-तीन पीएसआय सुटतात. खटक्याचं असेल तर सुटत नाहीत, पण धूळ बसली की ढिलं होतं. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, तीनशे-चारशे रुपयांचं वेगळं गेज घ्या आणि मोजमाप सकाळी गार टायरवर. दुपारी तापलेला टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. तो जास्तीचा दाब सोडून दिलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत पंप काढावा लागेल.