ट्रेक ग्रुपसोबत दहा महिने, पंधरा ट्रेक: वापरानंतरचा अनुभव

पुण्यातून शनिवार-रविवारी निघणारे ट्रेक ग्रुप ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. काही टीटीएमएम तत्त्वावर चालतात, म्हणजे गाडी, चहा-नाश्ता, गावातलं जेवण असा जो खर्च होईल तो सगळ्यांत समान वाटायचा आणि लीडरनेही आपला वाटा भरायचा. बाकीचे व्यावसायिक, ठरलेली फी घेणारे. हा अनुभव पहिल्या तऱ्हेच्या एका जुन्या ग्रुपचा आहे. जून ते मार्च या काळात लोहगड, तिकोना, तुंग, कोरीगड, रोहिडा, तोरणा, राजगड (गुंजवणे आणि पाली, दोन्ही बाजूंनी), राजमाची, अंधारबन, पाचनईकडून हरिश्चंद्रगड, वासोटा वगैरे पंधरा ट्रेक झाले. ग्रुपचं नाव मुद्दाम देत नाही. खालच्या कसोट्या कुठल्याही ग्रुपला लावून पाहता येतील.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. ग्रुप चांगला की वाईट हे पुढे चालणाऱ्या लीडरवरून कळत नाही, सगळ्यात मागे चालणाऱ्या लीडरवरून कळतं. त्याला टेल म्हणतात. पुढचा लीडर वाट दाखवतो, पण माणूस चुकतो, लंगडतो, पाणी संपून बसतो, तो नेहमी मागेच. टेलला वाट पूर्ण माहीत हवी, प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याच पाठीवर हवी आणि शेवटच्या भिडूला मागे टाकून तो एक पाऊलही पुढे जाता कामा नये. या ग्रुपमध्ये पंचवीस-तीस जणांमागे तीन लीडर असतात: एक पुढे, एक मध्ये, एक टेल. पावसाळ्यात चौथा जोडतात. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, 'टेल कोण असणार आहे?' उत्तर द्यायला वेळ लागला तर त्या ग्रुपसोबत पहिला ट्रेक सोप्या गडाचाच निवडा.

मोजणीची पद्धतही नीट पाहून घ्या. लीडर बोट दाखवून डोकी मोजतो तिथे हमखास घोळ होतो. कोणी झाडीआड गेलेला असतो, कोणी दोनदा मोजला जातो. इथे बसमध्ये बसतानाच प्रत्येकाला क्रमांक देतात आणि पुढे दिवसभर ज्याने त्याने आपला क्रमांक ओरडायचा. 'सतरा' आला नाही की सतरा कोण हे लगेच कळतं. मोजणी पायथ्याला, माथ्यावर, उतरायला लागण्याआधी आणि बस सुटताना होते. त्याच्या जोडीला फाट्याचा नियम आहे: वाट फुटते तिथे पुढच्या माणसाने मागचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं, मगच पुढे जायचं. सह्याद्रीत माणसं चुकतात ती बहुधा ढोरवाटांमुळे. गुरांच्या पायांनी मळलेली वाट खऱ्या वाटेपेक्षा ठसठशीत दिसते, कारवीच्या रानात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि पुढच्यामागच्यात पाच मिनिटांचं अंतर पडलं की मागचा सरळ त्या ढोरवाटेला लागतो. फाट्याचा नियम कडक पाळला तर शिट्टी वाजवायची वेळच येत नाही.

आता वेळेचं गणित, कारण बहुतेक ट्रेक इथेच बिघडतात. वेल्ह्यातून तोरण्याची चढाई सुमारे ७०० मीटरची. सराव असलेला माणूस दोन तासांत चढतो. पण ग्रुप तासाला २५० ते ३०० मीटरच उंची गाठतो, म्हणजे तीन तास धरायचे. कातळटप्पा असेल तर हिशोब आणखी बदलतो. राजगडाला गुंजवण्याकडून चोर दरवाजाने जाताना शेवटी रेलिंग धरून चढायचा अरुंद टप्पा आहे, तिथे एका वेळी एकच माणूस सरकतो. प्रत्येकाला सरासरी दीड मिनिट लागलं तरी तीस जणांना पाऊण तास. वर गेलेले तेवढा वेळ वाऱ्यात थंड होतात, खालचे उन्हात तापतात. येतानाही तोच पाऊण तास, कारण खाली पाहत उतरताना नवखे जास्त घाबरतात. म्हणून जाणता लीडर चोर दरवाजाने चढवतो आणि पाली दरवाजाने उतरवतो. पायऱ्या रुंद आहेत, ग्रुप अडत नाही. फक्त बसला पायथा बदलून यावं लागतं, ते ड्रायव्हरशी सकाळीच बोलून ठेवायचं. दरवाज्यांची ही निवड लीडर आपणहून समजावून सांगत असेल तर त्याला गड माहीत आहे हे नक्की.

परतीची वेळ आधी जाहीर करणं हा या ग्रुपचा मला सगळ्यात पटलेला नियम. दुपारी अमुक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा आला असो वा नसो. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारून येतं. उतरायला अडीच तास लागणार असतील तर तीन ही शेवटची वेळ. वासोट्याला हा नियम आपोआप पाळला जातो, कारण बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडून लाँचने जायचं-यायचं असतं, वनखात्याची परवानगी दिवसापुरती मिळते आणि मुक्काम करता येत नाही. बाकी गडांवर शिस्त ग्रुपनेच लावून घ्यायची. इथे एक तक्रार आहे. नियम छान, पण बस सकाळी साडेपाचची सांगून सुटते सव्वासहाला. कोणा एकाला स्वारगेटला उशीर होतो, मग चहाला अर्धा तास जातो, आणि हा सव्वा तास शेवटी माथ्यावरच्या वेळेतून कापला जातो. दहा महिन्यांत वेळेवर सुटलेल्या बस चारच.

पावसाळा हा ग्रुपची खरी परीक्षा पाहणारा काळ. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची शक्यता, तेव्हा ट्रेक रद्दच व्हायला हवा. ऑरेंज असेल तर ओढे नसलेला गड निवडायचा. कारण साधं आहे. घाटमाथ्यावर जोराची सर आली की सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा अर्ध्या तासात मांडीपर्यंत चढतो. पुढे गेलेला ग्रुप पलीकडे अडकतो आणि मग कोणीतरी हाताची साखळी करून ओलांडायचं ठरवतं. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर साखळीही वाहून जाते. तिथे बसून राहायचं. सह्याद्रीतला ओढा जितक्या झटकन चढतो तितक्याच झटकन उतरतो. अंधारबनात हा धोका जास्त, कारण पिंपरीहून भिऱ्याला उतरणारी ती एकमार्गी वाट. वाटेतलं हिरडी गाव ओलांडल्यावर मागे फिरण्यात अर्थ नसतो आणि बस ताम्हिणी घाटाने वळसा घेऊन भिऱ्याला पोचलेली असते. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे आणि काही वाटांवर बंदीचे आदेश काढतात. ते शुक्रवारी तपासणारा ग्रुप हवा. नाक्यावर पोलिसांनी अडवल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणणारा नको.

बुटांबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. दर चार-पाच ट्रेकमागे एकाचं तरी सोल निघतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते बूट महागडे, कमी वापरलेले, वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवलेले असतात. कारण असं की अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो, तो हवेतली आर्द्रता शोषून आतल्या आत कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, पण पाच-सहा वर्षं पडून राहिलेला बूट दोन तासांच्या चालीत भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटतो. फेविक्विकचा उपयोग होत नाही, कारण चिकटवायला धड पृष्ठभागच उरलेला नसतो. सुतळी किंवा जादा लेस बुटाच्या पुढच्या भागावरून आणि घोट्याभोवती अशी दोनदा घट्ट बांधून उतरता येतं. म्हणून सॅकमध्ये दोन मीटर सुतळी ठेवा आणि माळ्यावरचे बूट ट्रेकआधी घरी जिन्यावर तासभर वापरून पाहा. ओल्या कातळावर पकड मिळते ती मऊ रबरी सोलमुळे. ॲक्शनचे ट्रेकिंग बूट पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांत इतकी वर्षं टिकून आहेत ते याच पकडीमुळे. मात्र शेवाळलेल्या दगडावर कुठलाच बूट टिकत नाही, तिथे पाय दगडाच्या सपाटीवर न ठेवता दोन दगडांच्या खाचेत ठेवायचा.

उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडीच्या उतारावर, नवखे मागे रेलतात. घसरण्याचं मुख्य कारण हेच. मागे रेललं की वजन टाचेवर येतं, टाचेखालची बारीक खडी सरकते आणि माणूस बसतो. गुडघे थोडे वाकवून वजन पुढच्या पायावर, पूर्ण तळवा जमिनीवर, पावलं लहान. उतरण्याआधी लेस घोट्यापाशी घट्ट करून घ्यायची, म्हणजे बोटं बुटाच्या टोकावर आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापलेली असावीत, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं. मधला लीडर घसारा लागला की थांबून प्रत्येकाला हे करून दाखवतो, त्यात दहा मिनिटं जातात, आणि ती दहा मिनिटं सार्थकी लागतात.

पाणी पावसाळ्यात दोन लिटर पुरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन लिटरच्या खाली जाऊ नका, गडावरच्या टाक्यांवर भिस्त ठेवू नका. पोटऱ्यांत गोळे येतात ते बहुतेक वेळा दमल्यामुळे आणि घामातून पाणी-मीठ गेल्यामुळे. तेव्हा नुसतं पाणी ढोसून भागत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका. खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, भाजलेले चणे. वेफर्स फुगतात, सांडतात आणि कचरा करतात. पावसाळ्यात सॅकला वरून कव्हर लावलं तरी पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच, त्यामुळे आतून मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावून सामान त्यात भरायचं. जीन्स नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटतात.

अत्तर, डिओ लावून येऊ नका. राजगडासह अनेक गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. वास, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. एक उठली की बाकीच्या मागोमाग. कड्याखालून जाताना ग्रुप गप्प चालायला हवा. याबाबतीत आमच्या ग्रुपला पैकीच्या पैकी गुण, ब्लूटूथ स्पीकर आणलेल्याला तो बसमध्येच ठेवायला लावतात. पाय मुरगळला तर बूट काढायचा नाही. सूज आली की तो परत चढत नाही, बुटावरूनच क्रेप बँडेज बांधून हळूहळू उतरवायचं. पाऊल टेकवताच येत नसेल तर मात्र चालवायचं नाही, ११२ ला फोन करायचा आणि गावातली माणसं बोलवायची. साप चावल्यावर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही नाही. माणसाला शांत ठेवून, शक्य तितकं उचलूनच, सर्पदंशाची लस असलेल्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. ते रुग्णालय कुठलं हे लीडरला निघण्याआधी ठाऊक हवं. इथे आमचा ग्रुप कमी पडतो. पंधरापैकी दोनच ट्रेकांच्या सूचनांत रुग्णालयाचा उल्लेख होता.

गड दाखवण्याची पद्धत लीडरगणिक बदलते. राजगडाच्या संजीवनी माचीवर दुहेरी तटबंदी आणि चिलखती (बाहेरून आणखी एक भिंत असलेले) बुरूज आहेत. बहुतेक माणसं फोटो काढून मागे फिरतात. एका लीडरने मात्र ग्रुपला दोन तटांमधल्या चिंचोळ्या वाटेत उतरवून दाखवलं की बाहेरचा तट पडला तरी शत्रू दोन भिंतींच्या खोबणीत सापडतो. तिथे उभं राहिल्यावर ते जसं कळतं तसं चित्रात कळत नाही. अशी पंधरा मिनिटं एकट्याने जाऊन मिळत नाहीत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड, लोहगड आहेत, त्यामुळे तिथली गर्दी धरूनच चाला आणि रविवारऐवजी शनिवार निवडा. उलट काही लीडर प्रत्येक भुयाराला गुप्त खजिन्याची गोष्ट चिकटवतात. तिथे शांतपणे 'हे कुठे वाचलंत?' असं विचारलेलं चालतं.

खर्चाचं सांगायचं तर वाटणी गाडीवर ठरते. १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर भरली नाही की डोईजड होते, म्हणून ऐन वेळी रद्द करणाऱ्याने वाटा भरायचा हा नियम योग्य आहे, तो पाळा. लोहगडाला गाडीच नको. लोकलने मळवलीला उतरून भाज्यामार्गे चालत गेलं की दोन-अडीच तासांत गायमुख खिंडीतून माथा. गावातलं जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा तीस माणसांचा करायचा म्हणजे घरातल्या बायकांना पहाटेपासून चुलीशी बसावं लागतं. पंचवीस सांगून अठरा गेलो तरी पैसे पंचवीसचेच द्यायचे, हा नियम ग्रुपने लेखी ठेवला आहे.

दमसास किती आहे हे आजमावायचं असेल तर आधी आतकरवाडीतून सिंहगड चढा. दीड तासात, मध्ये न बसता वर पोचलात तर तोरणा झेपेल. दोन तासांहून जास्त लागले तर पावसाळा संपल्यावर तिकोना किंवा तुंगपासून सुरुवात करा आणि नाव नोंदवताना ते लीडरला खरंखरं सांगा. तो तुम्हाला टेलच्या दोन पावलं पुढे ठेवेल.