पासष्टी आली: मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज घ्यावं की मूळ मेडिकेअरला मेडिगॅपची जोड द्यावी?

पासष्टीला मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, मिळतं, म्हणून पासष्टावा वाढदिवस जवळ आला की अमेरिकेतल्या माणसाच्या टपालपेटीला विमा कंपन्यांच्या पत्रकांचा पूर येतो. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा सध्या त्या पत्रकांनीच अडवलाय. प्रत्येकावर पांढऱ्या केसांचं, सायकलवर बसलेलं हसरं जोडपं आणि खाली ठळक अक्षरांत ‘शून्य डॉलर प्रीमियम’. आमच्या यांची पासष्टी मार्चमध्ये. माझी दोन वर्षांपूर्वी झाली आणि मी मेडिगॅप घेतलं, म्हणजे सरकारी विमा ठेवून त्याला खासगी पुरवणी पॉलिसी जोडली. माझे थोरले दीर दोन मैलांवर राहतात, त्यांनी अ‍ॅडव्हान्टेज घेतलं, म्हणजे सगळंच खासगी कंपनीकडे सोपवलं. दोघंही आपापल्या जागी ठाम आहोत, त्यामुळे दर रविवारी चहाबरोबर हा वाद आमच्याकडे ठरलेला.

आधी मांडणी समजून घ्या. मेडिकेअर १९६५ साली आलं तेव्हा त्याचे दोनच भाग होते: ए म्हणजे हॉस्पिटल, बी म्हणजे डॉक्टर आणि तपासण्या. दहा वर्षं, म्हणजे ४० क्वार्टर्स (तिमाह्या), नोकरीत मेडिकेअरचा कर भरला असेल तर ए फुकट. बीचा हप्ता सगळ्यांनाच भरावा लागतो, २०२६ मध्ये तो महिना २०२.९० डॉलर आहे. दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नवर उत्पन्न एकट्याचं १,०९,००० किंवा दोघांचं मिळून २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर त्याहून जास्त. अ‍ॅडव्हान्टेज घेतलं तरी हा हप्ता सुटत नाही. पत्रकावरचा ‘शून्य’ म्हणजे या हप्त्यावर आणखी शून्य. हे न कळून नंतर चिडलेले निदान चार जण मला ठाऊक आहेत.

या मूळ मेडिकेअरला एक मोठं भोक आहे. बीखालच्या बिलांचे २० टक्के तुमच्या अंगावर येतात आणि त्याला वरची मर्यादाच नाही. हॉस्पिटलात दाखल झालात तर आधी १,७३६ डॉलर भरायचे, आणि घरी येऊन साठ दिवस उलटल्यावर पुन्हा दाखल व्हावं लागलं तर पुन्हा तेवढेच. हे भोक बुजवायचे दोन रस्ते आहेत. एक, मूळ मेडिकेअर ठेवून वर खासगी कंपनीची मेडिगॅप पॉलिसी आणि औषधांसाठी वेगळा डी प्लॅन. दोन, सगळा कारभारच खासगी कंपनीच्या हाती देणं, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज. आज मेडिकेअरमधले अर्ध्याहून जास्त लोक दुसऱ्या रस्त्यावर आहेत.

पैशाचा हिशेब

मेडिगॅपच्या प्रकारांना अक्षरांची नावं आहेत, माझा ‘प्लॅन जी’. त्याचे महिन्याला पावणेदोनशे डॉलर जातात, वर्षाचे झाले २,१००. शिवाय बीचं वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, २८३. एकूण २,३८३ भरले की डॉक्टर, हॉस्पिटल, केमो, काहीही असो, मेडिकेअरला मान्य असलेल्या उपचाराचं बिल मला येत नाही. डी प्लॅनचा हप्ता वेगळा.

दिरांचा वरचा हप्ता शून्य, औषधं त्यातच. तज्ज्ञाकडे गेले की दर भेटीला आपल्या खिशातून ठरलेला को-पे, एमआरआय काढला की वेगळा. या सगळ्याला नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडे, वर्षाची कमाल मर्यादा असते. सरकारने २०२६ साठी ती ९,२५० डॉलरच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलंय, बऱ्याच योजनांत ती याहून कमीच असते.

आता गंमत बघा. सगळ्यात वाईट वर्षी त्यांना माझ्यापेक्षा ६,८६७ डॉलरपर्यंत जास्त पडू शकतात. पण धडधाकट वर्षी ते माझ्याहून दोन हजारांच्या वर वाचवतात. म्हणजे तीन-साडेतीन निरोगी वर्षांची बचत एका आजारी वर्षाला पुरते. हा हिशेब त्यांनी मला कागदावर करून दाखवला तेव्हा मला गप्प बसावं लागलं. मेडिगॅपवाले ‘अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे फसवणूक’ असं सरसकट म्हणतात, ते खरं नाही. माझा हप्ता वयाबरोबर चढतच जाणार, हेही त्यांनी ऐकवलंच. मी एवढंच म्हटलं की कॅन्सर कॅलेंडर बघून येत नाही. नोव्हेंबरला निदान झालं तर एक जानेवारीला मर्यादेचा मीटर परत शून्यावर येतो आणि दोन वर्षांची भर एकाच आजारात पडते.

शिवाय त्यांना दाताचं, चष्म्याचं, जिमचं काही ना काही मिळतं. मला त्यातलं काहीच नाही. माझे दात पुण्याच्या फेरीवर सोपवलेत, आपल्या निम्म्या लोकांसारखेच.

परवानगी कोणाची?

माझं मत ठरलं ते पैशावरून नव्हे. एक मैत्रीण, वय चौऱ्याहत्तर, जानेवारीत ड्राइव्ह-वेवरच्या बर्फावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, मग रिहॅबसाठी नर्सिंग केंद्रात हलवलं. तिचं अ‍ॅडव्हान्टेज. अकराव्या दिवशी पलंगाशेजारच्या ट्रेवर, सूपच्या वाटीखाली, एक कागद ठेवलेला: परवापासून कंपनी पैसे देणार नाही. तेव्हा ती वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत जेमतेम पोचत होती आणि तिच्या घराला चौदा पायऱ्या. तिच्या लेकीने ऑफिसातून फोन करून अपील घातलं, अगदी मुदतीच्या काठावर, कारण हे अपील सेवा थांबायच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत करावं लागतं. पहिलं फेटाळलं गेलं, दुसरं जिंकलं. मधल्या दिवसांचं बिल कुणाच्या नावावर पडणार या धास्तीने मायलेकी झोपल्या नाहीत. लेक नसती तर मैत्रीण चौदा पायऱ्या चढायला घरी आली असती.

ही एकटीची कथा नव्हे. २०२३ मध्ये अ‍ॅडव्हान्टेज कंपन्यांनी उपचाराआधी घ्यायच्या पूर्वपरवानगीचे जवळपास ५ कोटी अर्ज निकाली काढले आणि त्यातले ३२ लाख पूर्ण किंवा अंशतः नाकारले. शंभरात सहाच, असं म्हणाल. पण नाकारलेल्यांपैकी अपील केलं जेमतेम १२ टक्क्यांनी, आणि अपील करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांच्या बाजूने निकाल फिरला. याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा, मी लावलाय. २०२६ पासून साध्या अर्जाचं उत्तर सात दिवसांत द्यायचं बंधन कंपन्यांवर आलंय, तेवढी सुधारणा झाली.

मूळ मेडिकेअरमध्ये असे परवाने फारसे लागत नाहीत. लागत नव्हते म्हणते, कारण जानेवारी २०२६ पासून सरकारने ‘वायझर’ नावाचा प्रयोग सहा राज्यांत सुरू केलाय, आणि त्यात आपलं न्यू जर्सी आहे. टेक्सास, वॉशिंग्टन, ओहायो, अ‍ॅरिझोना आणि ओक्लाहोमा ही बाकीची. पाठीतली स्टेरॉइडची इंजेक्शनं, गुडघ्याच्या झिजेसाठी केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया अशा निवडक गोष्टींना आता मूळ मेडिकेअरमध्येही आधी तपासणी होते, आणि ती करणाऱ्या कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतात. यादी लहान आहे. वाढणार नाही याची हमी मात्र मी देणार नाही.

माझ्या बाजूचाही एक खड्डा सांगते. नर्सिंग केंद्राचे पैसे मूळ मेडिकेअर तेव्हाच देतं, जेव्हा तुम्ही आधी सलग तीन दिवस हॉस्पिटलात ‘दाखल’ असता. दोन रात्री कॉटवर काढल्या पण कागदावर ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहिलं असेल तर त्या रात्री धरत नाहीत. बहुतेक अ‍ॅडव्हान्टेज योजना ही अट लावत नाहीत. हॉस्पिटलात असताना रोज विचारायचा प्रश्न हाच: आई दाखल आहे की निरीक्षणाखाली?

खरी मेख

बीचा भाग सुरू झाल्या दिवसापासून सहा महिने कोणतीही मेडिगॅप कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही आणि आजारासाठी जास्त हप्ताही लावू शकत नाही. त्यानंतर ती तब्येतीची चौकशी करते. इन्सुलिन, स्टेंट, केमो यांतलं काही निघालं की बहुधा दार बंद. आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात, त्यामुळे ‘आत्ता शून्यवालं घेऊ, सत्तरीला गरज पडली की मेडिगॅप करू’ हा बेत आपल्याकडे हमखास फसतो. अ‍ॅडव्हान्टेजमधून मूळ मेडिकेअरला परतता येतं, दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरमध्ये. पण भोक बुजवणारी पॉलिसी मिळेलच असं नाही.

मोठे अपवाद दोन. पासष्टीला पहिल्यांदाच अ‍ॅडव्हान्टेज घेतलं असेल तर पहिल्या बारा महिन्यांत मन बदलता येतं आणि मेडिगॅप हक्काने मिळतं. दुसरा अपवाद पत्त्याचा: न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन या राज्यांत नंतरही तब्येत न विचारता मेडिगॅप द्यावं लागतं. म्हणजे हडसनच्या पलीकडे क्वीन्समध्ये राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीला ही घाई नाही, तिचा हप्ता मात्र जास्त आहे. आम्हा जर्सीकरांना ती मुभा नाही.

पुण्याचे चार महिने

ही गोष्ट इथला कुठलाही एजंट आपणहून सांगत नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक हिवाळ्यात फ्लोरिडाला जातं, पुण्याला नाही.

मूळ मेडिकेअर भारतात एक छदाम देत नाही. प्लॅन जी किंवा एन घेतला असेल तर परदेशातल्या तातडीच्या उपचाराचे ८० टक्के मिळतात, आधी २५० डॉलर तुमचे, आणि आयुष्यभरात मिळून मर्यादा ५०,००० डॉलरची. मात्र हे फक्त प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत. नोव्हेंबरला जाऊन मार्चला येणाऱ्याचा जानेवारीनंतरचा काळ उघडा राहतो. अनेक अ‍ॅडव्हान्टेज योजनांत जगभराच्या तातडीच्या उपचारांची सोय असते, ती प्रत्येकीत वेगळी, म्हणून योजनेचं पुस्तक उघडून ते पान शोधा. पण योजनेच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर कंपनी नाव काढू शकते. कोणताही रस्ता धरा, लांब मुक्कामासाठी वेगळी पॉलिसी घ्यावीच लागते. आणि परत येणार असाल तर ‘भारतातच असतो, बी कशाला भरू’ असं करू नका. सोडलेल्या दर बारा महिन्यांमागे हप्त्यात दहा टक्के दंड लागतो आणि तो बहुधा जन्मभर राहतो.

नातवंडं सांभाळायला तीन महिने ह्यूस्टनला, दोन महिने सॅन होजेला जाणाऱ्यांसाठी तर निवड सोपी आहे. मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर मला चालतो. दिरांची एचएमओ, म्हणजे नेटवर्कपुरतीच चालणारी अ‍ॅडव्हान्टेज योजना, काउंटीबाहेर फक्त तातडीलाच कामाची.

औषधांबाबत दोन्ही रस्ते जवळजवळ सारखे. योजनेत बसणाऱ्या औषधांचा वर्षाचा खर्च २०२६ मध्ये २,१०० डॉलरला थांबतो, इन्सुलिन महिन्याला ३५च्या वर नाही. सरकारने घासाघीस करून ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांच्या किमतीही जानेवारीपासून लागू झाल्या: जानुव्हिया या मधुमेहाच्या गोळीची ५२७ डॉलरची महिन्याची किंमत ११३ वर आली. फक्त आपली गोळी योजनेच्या यादीत आहे का, ते दर ऑक्टोबरला बघायचं.

ग्रीन कार्डवर आणलेल्या आईवडिलांचं गणित निराळं. सलग पाच वर्षं इथे राहिल्याशिवाय मेडिकेअर नाही, आणि मुलाचे क्वार्टर्स त्यांना चालत नाहीत. मग एसाठी ५६५ आणि बीसाठी २०२.९० असे माणशी महिन्याला ७६७.९० डॉलर, त्यावर मेडिगॅप. इतकं भरल्यावर बरेच जण अ‍ॅडव्हान्टेजकडे वळतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. उत्पन्न अगदी कमी असेल तर आधी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा) आणि हप्त्यातल्या सवलतींची चौकशी करा. एच-१बी या कामाच्या व्हिसावर साठी ओलांडून ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी तर वकिलालाच गाठावं, कारण जुलै २०२५च्या कायद्याने मेडिकेअरची पात्रता मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरती आणली, ४० क्वार्टर्स भरलेले असले तरी.

एजंट तुमच्याकडून पैसे घेत नाही, कंपनीकडून घेतो, हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोला. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची फुकट सल्ला देणारी सेवा आहे. तिथल्या माणसाला काही विकायचं नसतं. मी गेले तेव्हा समोरच्या निवृत्त बाईंनी दीड तास दिला आणि शेवटी विचारलं, तुमची मुलं किती लांब राहतात? अपील लढायला कोण आहे, हे त्यांना बघायचं होतं. आमची मुलगी सिएटलला आहे.

यांचं अजून ठरत नाही. बी एक मार्चला सुरू होईल, म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी ३१ ऑगस्टभोवती लाल गोल काढलाय. पुढच्या रविवारी दीर पुन्हा येणार आहेत, या वेळी म्हणे स्प्रेडशीट घेऊन.