पियानोचे हॅमर घासण्याचा पट्टी-संच : पावसाळ्यानंतरचा अनुभव

ऐन जुलैत पियानोच्या वरच्या सप्तकाचे हॅमर (तारांवर आपटणारे, फेल्टने म्हणजे दाबलेल्या लोकरीने मढवलेले छोटे लाकडी हातोडे) घासत असताना पट्टीवरचा सँडपेपर एका टोकाने सुटला, त्याची दुमडलेली कड फेल्टमध्ये रुतली आणि एका हॅमरच्या खांद्यावर, म्हणजे टोकाच्या बाजूच्या उतारावर, ओरखडा उठला. मूठ असलेल्या अरुंद स्टीलच्या पट्ट्या आणि मागे गोंद लावलेले सँडपेपर असा हा संच आहे. रड सगळी त्या गोंदाची. विक्रेत्याला फोटोंसह कळवले, तर ‘दमट हवेत वापरू नये’ असे उत्तर आले. बेळगावात जून ते सप्टेंबर कोरडी हवा आणायची कोठून, हे मात्र त्याने सांगितले नाही.

एवढा राग असूनही पट्टीबद्दल तक्रार करवत नाही. सुताराकडून करून घेतलेली प्लायवूडची पट्टी वाकत नसल्यामुळे तिने हॅमरचे टोक सपाट होत असे. ही किंचित लवते आणि खांद्याची गोलाई धरून चालते. तारांनी पाडलेल्या खाचांसाठी १०० ते १५० नंबरचा कागद (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक), नंतर २२०, शेवटचा हात ४०० चा, हा क्रम मला मानवला. दोन्ही खांद्यांकडून टोकाकडे घासत यावे आणि टोकाच्या अलीकडेच थांबावे, म्हणजे फेल्टचा थर सलग निघतो. दुसऱ्या हाताचे बोट हॅमरखाली आधाराला हवेच, नाहीतर सगळा ताण हॅमर ज्यावर फिरतो त्या खालच्या पिनेवर येतो. वरच्या स्वरांना फेल्ट इतका पातळ असतो की तिथे खरखरीत कागद लावूच नये, थोडी खाच राहिली तरी चालेल.

घासल्यावर हॅमर तारेपासून थोडा लांब जातो, त्यामुळे अंतर पुन्हा जुळवावे लागते. मग हॅमर हलकेच तारांना टेकवून त्या स्वराच्या तिन्ही तारा एकेक करून छेडाव्यात. जी वाजते, तिला हॅमर लागलेला नाही असे समजावे. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण ती टाळल्यास सारी मेहनत वाया जाते.

संचातले महागडे कागद मी आता वापरत नाही. उद्यमबागेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून साधा सँडपेपर आणून, कापून, रबरी गोंदाने चिकटवतो. तो यंदाच्या पावसात सुटला नाही. काळा एमरी कागद मात्र घेऊ नये, त्याची पूड पांढऱ्या फेल्टवर बसते. नुसती पट्टी सुटी मिळाली असती तर आणखी एक नक्की घेतली असती, पण विक्रेता पूर्ण संचच घ्यायला लावतो आणि तेवढे पैसे मी पुन्हा देणार नाही.